सीनाकाठची यादी

"शेवटचे चार आकडे सांगा," तलाठी मॅडम म्हणतात.

समोरचा चाळिशीतला माणूस आकडे सांगत नाही. शर्टाच्या खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढतो, तिची घडी उलगडतो आणि आतले पिवळे बिल्ले टेबलावर ओततो. चार आहेत. एकाच्या मागच्या बटणाला कानाच्या कातड्याचा वाळलेला तुकडा अजून चिकटलेला आहे आणि त्यावर चार-दोन पांढरे केस. मॅडम थबकतात. मग पेनाच्या टोकाने बिल्ला सरळ करून बारा आकडे मोठ्याने वाचू लागतात. शेजारी बसलेले जनावरांचे डॉक्टर आपल्या रजिस्टरावरून बोट फिरवत "आहे… हाही आहे… पुढचा" म्हणतात.

माढा तालुक्यातलं, सीनेच्या काठावरचं हे गाव. आज शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५. वसुबारस. ग्रामपंचायतीच्या खोलीतला चिखल धुऊन काढलाय, पण वास गेलेला नाही. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ आहे. रेघेखालचा रंग पोपडे धरून सुटतोय. वरच्या तसबिरी जागच्या जागी आहेत. रेघेच्या वरच एका नव्या खिळ्याला यादी अडकवलीय. पशुपालकाचं नाव, जनावराचा प्रकार, बिल्ला क्रमांक, पंचनामा, शवविच्छेदन, रक्कम आणि सगळ्यात शेवटी शेरा. यादीत नाव आहे की नाही हे सगळ्यांना सकाळीच कळलंय. आता गर्दी आहे ती शेऱ्यासाठी.

बिल्लेवाल्या माणसाच्या नऊ गाई होत्या. पाच गेल्या, दोन कालवडीही गेल्या. चार गाई आणि दोन्ही कालवडी गोठ्यातच सापडल्या, दाव्याला बांधलेल्या. पाचवीचं दावं खुंट्यासकट उपटलं गेलं आणि ती वाहून गेली. डॉक्टर त्याला हिशोब मांडून दाखवतात. दुधाळ मोठ्या जनावराला ३७,५०० रुपये, वासराला २०,०००. चार गाईंचे दीड लाख, कालवडींचे चाळीस हजार, एकूण एक लाख नव्वद हजार.

"आणि पाचवी?"

"तिच्या शेऱ्यात 'मृतदेह आढळून आला नाही' असं आहे. तिचं वेगळं बघू."

"तीच सगळ्यात जास्त दुधाची होती, डॉक्टर."

डॉक्टर मान हलवतात. त्यांनी या गाईला स्वतः कृत्रिम रेतन केलेलं आहे, तिच्या दुधाचा आकडा त्यांना तोंडपाठ आहे. पण रजिस्टरात तिच्यासमोरचा रकाना कोरा आहे आणि कोऱ्या रकान्याला सही करता येत नाही.

सीना एरवी अशी नदी नव्हे. अहिल्यानगरकडून निघते, करमाळा, माढा, मोहोळ करत दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळीच दिसतात. मराठवाड्यात आणि वरच्या अंगाला कोसळलेला पाऊस, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून एकदम सुटलेलं पाणी, असं सगळं या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास तिच्या अंगावर आलं. २२ सप्टेंबरला घरोघर घट बसले आणि त्याच रात्रीपासून पाणी चढायला लागलं. पुढे दारफळला अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं, लांबोटीच्या पुलाजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. पाणी उतरतंय म्हणेपर्यंत महिनाअखेरीला दुसरा पूर आला.

गावातली माणसं त्या रात्रीबद्दल बोलताना सुरुवात माणसांपासून करत नाहीत. माणसं निघाली. प्रश्न गोठ्यांचा होता. अंधार, वीज गेलेली, कमरेएवढं पाणी, आणि शेतातल्या वस्तीवर बांधलेली जनावरं हंबरतायत. जायचं की नाही? गेलं तर दावी सोडायची की नाही? सोडली तर जनावर अंधारात पाण्याच्या दिशेनेच जाईल का? न सोडावं तर पाणी किती चढणार आहे?

टेबलापाशी आता पंचविशीचा एक मुलगा उभा आहे. त्याच्या घरी तीन पंढरपुरी म्हशी होत्या. पंढरपुरी म्हणजे सोलापूर जिल्ह्याची स्वतःची म्हैस. शिंगं थेट खांद्यापर्यंत, काही म्हशींची त्याच्याही मागे जातात. दुष्काळात, उसाच्या वाढ्यावर, कडब्यावर तग धरणारी. मुलगा त्या रात्री पोहत गोठ्यात गेला. गाठी पाण्याने फुगून घट्ट झाल्या होत्या, सुटेनात, म्हणून त्याने विळ्याने तिन्ही दावी कापली. एक म्हैस दोन दिवसांनी खालच्या अंगाच्या गावात बाभळीत अडकलेली, जिवंत सापडली. दोन सापडल्या नाहीत.

"दोघींचे बिल्ले होते?" मॅडम विचारतात.

"होते की. नंबरबी हायत. ह्ये बघा, लसीकरणाच्या टायमाला काढल्याला फोटू." तो मोबाइल पुढे करतो. काच तडकलेली आहे, पण म्हशीच्या कानातला बिल्ला स्पष्ट वाचता येतो.

"मृतदेह?"

"न्हाय."

मॅडम लिहितात. मुलगा वाकून, त्या काय लिहितायत ते उलटं वाचायचा प्रयत्न करतो. मग सरळ उभा राहतो.

"मॅडम, येक विचारू? आमच्या शेजारच्याला जायाला जमलं न्हाय. त्याच्या म्हशी बांधल्या जागी मेल्या. त्याचं पैसं मंजूर झालं. त्याला मिळालं त्याचं मला वाईट न्हाय. पर म्हंजी मी दावी कापली, ती चूक झाली का?"

खोलीत दहा-पंधरा माणसं आहेत. कुणी उत्तर देत नाही. मॅडमही लगेच देत नाहीत. त्या वयाने त्याच्याएवढ्याच असाव्यात.

"चूक नाही झाली," त्या म्हणतात. "पण मला कागद लागतो."

मला इथे थांबून बोलल्याशिवाय राहवत नाही. आपत्तीतली मदत खरोखर मृत्यू झाला असेल तरच द्यायची, हा नियम रास्त आहे. सरकारी पैसा पुराव्याशिवाय वाटू नये हेही रास्त. पण पुरावा म्हणजे फक्त मृतदेह, असा अर्थ घेतला की पुराच्या बाबतीत सगळं उलटं होऊन बसतं. पूर हा मृतदेह वाहून नेणारा प्रकार आहे. ज्याने जीव धोक्यात घालून जनावराला मोकळं केलं, त्याच्याच हातातून पुरावा निसटतो. जो पोहोचू शकला नाही, त्याचा कागद पक्का होतो. दोघांचंही नुकसान खरं आणि सारखंच. त्या रात्रीच्या धाडसाची शिक्षा या मुलाला होता कामा नये.

दरही गावात सगळ्यांना पाठ झालेत. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले हे निकष. त्याआधी दुधाळ गाई-म्हशीला ३०,००० होते, ते ३७,५०० झाले. ओढकामाच्या बैलाला ३२,०००. शेळी-मेंढीला ४,०००. कोंबडीला १०० रुपये. पूर्वी मोठी जनावरं एका कुटुंबामागे तीनच धरायची अट होती. ७ ऑक्टोबरला मुंबईत राज्य सरकारने अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा ती तीनची अट काढून टाकली. हा निर्णय फार मोलाचा आहे, आणि तो का मोलाचा हे बिल्लेवाल्या माणसाकडे पाहिलं की कळतं. जुन्या अटीत त्याची चौथी गाय मेलीच नाही असं धरलं गेलं असतं.

तो बाहेर पारावर बसलाय. मी त्याच्याशेजारी बसतो. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाई. एकेक सव्वा लाखाच्या आसपासची.

"पैसं कमी हायत म्हनून न्हाय म्हनत," तो सांगतो. "सरकार गायीची किंमत थोडीच देतंय? मदत हाय ती, मदत म्हनूनच घ्यायची. पर माजा दहा दिवसाचा पगार गेला ना."

दुधाचा पगार. या पट्ट्यात शेतकरी दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात. दर दहा दिवसांनी डेअरीतून येतो. उसाचं बिल वर्षाने, तेही कारखाना देईल तेव्हा. डाळिंब, द्राक्ष म्हणजे पावसाच्या मर्जीवर. किराणा, मुलांची फी, आईच्या गोळ्या हे सगळं दुधावर चालतं. त्याच्या नऊ गाई मिळून दिवसाला ऐंशी लिटरच्या घरात दूध द्यायच्या. आता चार राहिल्यात आणि त्याही नीट पान्हवत नाहीत. दोन दिवस गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, कास सुजली, दगडी झाली. एकीचे दोन सड कायमचे गेले.

"हिचं काय लिवतील?" तो विचारतो.

हिचं काहीच लिहिणार नाहीत. जी मेली ती यादीत, जी जगून निकामी झाली तिला रकाना नाही. वाहून गेलेल्या कडबाकुट्टीला नाही, दूध काढायच्या मशिनला नाही. गोठा पडला तर ३,००० रुपये. त्याच्या गोठ्याचे पत्रे तर आता दोन शेतांपलीकडे उसात पडलेत.

तो मला तिकडे घेऊन जातो. रस्ता असा राहिलेलाच नाही, ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालावं लागतं. दोन्ही बाजूंना ऊस एकाच दिशेला झोपलाय, पानांवर वाळलेल्या गाळाचा थर. गोठ्याच्या मागे जेसीबीने खणलेला खड्डा बुजवलेला दिसतो. चुना आणि मीठ टाकून त्यात चार गाई, दोन कालवडी पुरल्यात. माती अजून बसलेली नाही. डॉक्टर त्या दिवसांत एकामागून एक वस्त्या फिरत होते, फुगलेल्या जनावरांची शवविच्छेदनं करत. एवढ्या थोड्या हातांनी जनावरांच्या दवाखान्यांनी हे काम उरकलं, हे नोंदवायलाच हवं. पाठोपाठ घटसर्प, फऱ्याच्या लसी टोचत तीच माणसं परत फिरली. बाहेरच्या जिल्ह्यांतून मुरघासाच्या पिशव्या आल्या, त्या उतरवून घ्यायला गावची पोरं होती. चारा आला नसता तर वाचलेल्या जनावरांनाही बाजार दाखवावा लागला असता.

गोठ्यात जुन्या खुंट्यांची रांग आहे. आठ खुंटे, चार गाई. त्याची बायको एका गाईच्या पायावर पाणी घालतेय, कपाळाला हळद-कुंकू लावतेय. आज घरात गहू-मूग नाही, दूधदुभतं नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. सवत्स धेनूची पूजा, म्हणजे गाय वासरासह हवी. तिच्याकडे वासरू राहिलेलं नाही. शेजारणीने आपलं वासरू दोरीला धरून आणून उभं केलंय, आणि ते परकं वासरू त्या गाईला हुंगतंय. मारत नाही, जवळही घेत नाही. "दरसाल आजपास्नं दारात शेणाच्या गवळणी घालती मी," बाई म्हणते. "अवंदा बी घातल्या. लहान घातल्या."

परत येतो तर टेबलापाशी धोतर नेसलेले एक आजोबा बसलेत. खिलार जोडीतला एक बैल गेला. ३२,००० मंजूर आहेत, खात्यावर जमा झाल्याचा निरोपही आलाय. त्यांची तक्रार नाही, विचारणा आहे. जोडीतला राहिलेला बैल एकटा औताला चालत नाही. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जोड शोधायला जायचंय, पण नवा बैल घ्यायचा तर त्याला बिल्ला असलाच पाहिजे ना, आणि आपल्याकडे आहे त्याला नाही. मग त्याला बाजारात नेता येईल का?

डॉक्टर समजावतात. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक बंद आहे, आपत्तीत मेलं तर मदतीलाही अडचण येते. "आजोबा, मेलेल्या बैलाला बिल्ला होता म्हणून तुमचं काम झालं. ह्याला का नाही मारला?"

"त्यो लई मारका हाय. तुमची मानसं आली की त्यो त्यास्नी जवळ यिऊ देत न्हाय."

खोलीत थोडं हसू फुटतं. डॉक्टर उद्या स्वतः येतो म्हणतात. पन्नाशी उलटलेले पोलीस पाटील आजोबांना हाताला धरून उठवतात.

दुपार कलते तशी गर्दी विरळ होते आणि मग ज्या बाईकडे मी सकाळपासून पाहतोय ती पुढे येते. साठीची असेल. दाराशीच बसून होती, एकदाही पुढे घुसली नाही. तिला जमीन नाही. नदीच्या अंगाला पत्र्याचं घर, शेजारी कुडाचा आडोसा, त्यात सात शेळ्या. रात्री माणसांना शाळेत हलवलं तेव्हा तिला वाटलं, गुडघ्याएवढं येईल आणि जाईल. सकाळी कूडच नव्हता. एक करडू तेवढं पोरीने कडेवर घेतलं होतं, म्हणून राहिलं.

"मावशी, शेळ्यांना बिल्ले होते का?"

"न्हाय बाई. शेरडास्नी कोन मारतंय बिल्लं?"

"मृतदेह?"

"कुटं हुडकायचं?"

"शेतकरी ओळख क्रमांक आहे?"

"शेतच न्हाय तर शेतकरी कशी?"

ती हे उलट उत्तर म्हणून देत नाही. खरंच विचारते. ज्यांच्याकडे सातबारा आहे, ओळख क्रमांक आहे, त्यांची ई-केवायसीची कटकट बऱ्यापैकी सुटते. हिला मात्र ई-केवायसीच्या केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा आहे, आणि मजुरीने झिजलेला तिचा अंगठा मशीन घेत नाही, हे रेशनच्या वेळचं जुनंच दुखणं. भूमिहीनाचं पशुधन हीच त्याची जमीन, त्याची बँक आणि अडीनडीचा आधार. शेळी विकून दवाखाना होतो, शेळी विकून लेकीचं बाळंतपण होतं. मदतीची सगळी वाट मात्र सातबारा धरून जाते. ४,००० रुपये शेळीला कमी आहेत का, हा पुढचा प्रश्न झाला. बाजारात तेवढ्यात आज मोठं करडूही येत नाही. पण सात शेळ्यांचे अठ्ठावीस हजार या बाईच्या हाती पडले तर ती निदान दोन शेळ्यांनी पुन्हा सुरुवात करील. न पडले तर ती उसतोडीला जाईल. या वयात.

वाहून गेलेल्या जनावरांसाठी मार्ग नाही असंही नाही, आणि आज इथे तोच काढला जातोय. सरपंच, पोलीस पाटील, शेजारचे दोन पंच यांच्या सह्यांचा स्वतंत्र पंचनामा. मुलाच्या म्हशींचं काम यात बसेल. त्यांचा बारा आकडी नंबर लसीकरणाच्या नोंदीत आहे. डेअरीच्या संकलन केंद्रावरच्या पावत्यांत २१ सप्टेंबरपर्यंत किती लिटर आणि नंतर किती, हे लिहिलेलं आहे. जिवंत जनावर असं लपून राहत नाही. ते कुठेतरी बाजारात दिसेल, कुठेतरी लस घेईल, आणि त्याचा नंबर समोर येईल. हा पुरावा मृतदेहापेक्षा कमी नाही, उलट जास्त पक्का आहे. वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी तो तसाच मानला पाहिजे, एखाद्या तलाठ्याच्या भल्या मनावर तो सोडता कामा नये. मुलगा डेअरीत पावत्या आणायला पळालाय. पाचव्या गाईचा मालकही त्याच्यामागून गेलाय.

मावशीच्या शेळ्यांची पावती मात्र कुठेच नाही. शेळीचं दूध डेअरीला जात नाही.

"मी सांगतो," पोलीस पाटील म्हणतात. "रोज माझ्या दारावरनं जायच्या. सात होत्या."

"बोकड धरून?" डॉक्टर विचारतात.

"बोकड बेंदराला इकला तिनं. सात शेळ्याच."

दाराशी उभी असलेली आणखी एक बाई आत येते. "मी बी सांगती. तिची बांडी शेळी माज्या मक्यात शिरायची. मी भांडलीया तिच्यासंगं त्यावरनं."

मॅडम पंचांच्या जबाबाचा कागद पुढे ओढतात. भांडणारी बाई पंच म्हणून अंगठा लावणार, कारण शेळ्या होत्या याची तिच्यापेक्षा मोठी साक्षीदार गावात नाही. डॉक्टर मावशीला सांगतात, करडू उद्या दवाखान्यात आण, त्याला बिल्ला मारून टाकू, पुढे अडचण नको. केंद्राचं विचारलं तर ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणतो, "उद्या सकाळी धाला मी बसवतो तुला गाडीवर. अंगठा नाही उठला तर डोळ्याचं मशीन आहे का बघू."

"आणते करडू," मावशी म्हणते. "पर आदी त्या सात जनींचं लिवा."

मॅडम लिहितात. शेळ्या, संख्या सात.

"तीन गाभन हुत्या."

"मावशी, त्याला रकाना नाही."

"मग शेऱ्यात लिवा."

मॅडम पोलीस पाटलांकडे बघतात, ते मान हलवतात. शेऱ्याच्या रकान्यात मॅडम बारीक अक्षरात लिहितात, "पैकी तीन गाभण, पंचांच्या सांगण्यावरून." मग कागद फिरवून मावशीपुढे ठेवतात, शाईचं पॅड उघडतात आणि शिपायाला हाक मारतात, की त्या डेअरीवाल्यांना सांग, पावत्यांच्या झेरॉक्स नको, शिक्का मारलेल्या आणा.